टेकडीवरची तीनशे शहाऐंशी दारं

पोस्टात तिला सगळे तिकीटबाई म्हणत. बावीस वर्षं ती तिकिटांच्या खिडकीवर बसली होती. पाकीट तळहातावर घेतलं की काट्याकडे न बघताच सांगायची, "याला अजून एक लागेल." काटाही तिच्याच बाजूने कौल द्यायचा. मग एका सोमवारी त्या खिडकीच्या जागी तिकिटं देणारं यंत्र बसलं. पोस्टमास्तरांनी तिला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. पोस्टमास्तर स्वतःहून चहा मागवतात तेव्हा काहीतरी नको ते ऐकायचं असतं, हे सगळ्या पोस्टाला ठाऊक होतं.

"पत्रवाटपाला जाल का?" ते म्हणाले.

"मी? बावन्न वर्षांची आहे मी."

"पाय दुखतात?"

"पाय कशाला दुखतील? बावीस वर्षं बसूनच तर आहे. पाय अजून कोरे आहेत माझे."

"मग नऊ नंबरची बीट घ्या. नकाशा बारा दिवसांनी निवृत्त होतोय. त्याच्या डोक्यात आहे ते सगळं तुमच्या डोक्यात उतरवून घ्या."

नकाशा हे अर्थातच त्या पोस्टमनचं खरं नाव नव्हतं. नऊ नंबर म्हणजे स्टेशनामागची टेकडी, आणि त्या टेकडीचा नकाशा असा कुठे कागदावर नव्हताच. तिथे पहिलं घर ज्याने बांधलं त्याला एक नंबर मिळाला, मग जो जिथे बांधेल त्याला पुढचा. त्यामुळे चौदाच्या शेजारी दोनशे एक, दोनशे एकच्या वर सत्तावीस, आणि अठ्ठावीस शोधायला टेकडीला वळसा घालून पलीकडे उतरायचं. अशी तीनशे शहाऐंशी दारं. एकतीस वर्षं रोज ती दारं चढून-उतरून एकाच माणसाला तोंडपाठ झाली होती, म्हणून तोच नकाशा.

तिकीटबाईला मनातून हे काम अवघड वाटलं नाही. पाठांतरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत पाढे, खिडकीवर दर, घरी सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर. तिने एक जाड वही घेतली, रेघा मारल्या आणि मंगळवारी सकाळी सातला ती नकाशासमोर उभी राहिली.

नकाशा उंच, वाळका, बोलायला फटकळ. भिंतीला लागून लाकडी खणांची मोठी मांडणी होती, एकेका दारासाठी बोटभर रुंदीचा खण, आणि खणांची रांग नंबरांप्रमाणे नव्हे तर चालण्याच्या वाटेप्रमाणे लावलेली. तो पत्त्यांचा डाव वाटावा तशी पत्रं खणांत टाकत होता आणि तोंडाने सांगत होता.

"एकशे बारा, कुत्रा सुटा असतो, फाटकावरच टाकायचं. सहा, आजोबांना ऐकू येत नाही, दार ढकलून आत जायचं. त्रेसष्ट, दोन सख्ख्या जावा, एकमेकींची पत्रं एकमेकींच्या हातात द्यायची नाहीत."

"दादा, जरा सावकाश. लिहून घेते."

"लिहा. पण टेकडीवर वारा असतो. वही उडाली तर पत्रं कोण वाटणार?"

पहिल्या दिवशी ती त्याच्यामागून नुसती चालली. जिने, बोळ, पुन्हा जिने. दुपारी अर्ध्या टेकडीवर एक लॉन्ड्री लागली. लॉन्ड्रीवाली इस्त्री करत होती. नकाशाने झोळा खुंटीला लावला, मागच्या खोलीत गेला, बूट काढले आणि चादरींच्या गाठोड्यांवर सरळ आडवा झाला. टोपी तोंडावर ओढली. मिनिटभरात घोरायलाही लागला.

"रोजचंच आहे," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "पंचवीस मिनिटं. घड्याळ लावून घ्या."

तिकीटबाई बाहेर पायरीवर बसून वही वाचत राहिली. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "एकतीस वर्षं नोकरी केली म्हणतो. त्यातली दोन तरी वर्षं त्या गाठोड्यांवर गेली असतील. कामचोर मेला."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून आलेला माणूस संध्याकाळी कोणाच्या भांडणात पडत नाही. "दमत असेल," एवढंच म्हणून त्याने बूट काढले.

दुसऱ्या सकाळी नकाशाने तिच्यापुढे शंभर पत्रं ठेवली. "लावा." तिने लावली. मग त्याने खणांवरून बोट फिरवत चुकलेली पत्रं एकेक करून उपसली आणि टेबलावर मांडली. चाळीस. तो एक शब्द बोलला नाही, त्यामुळे तिला जास्तच लागलं.

तिने ठरवलं, पुरे झालं वर वर बघणं. आता अभ्यास. रात्रीचं जेवण आटोपलं की ती वही घेऊन स्वयंपाकघरात बसायची, बारा वाजेपर्यंत. पहाटे चारला पुन्हा उठायची. दारं घोकायची, वही मिटून म्हणून बघायची, चुकली की सुरुवातीपासून. तिसऱ्या दिवशी अडतीस चुका. चौथ्या दिवशी पंचेचाळीस. पाचव्या दिवशी बावन्न.

"शंभरात बावन्न," ती नवऱ्याला म्हणाली. "डोळे मिटून टाकली असती तरी..."

"डोळे मिटून टाकली असती तर शंभरच्या शंभर चुकली असती," नवरा म्हणाला. "तीनशे शहाऐंशी खण आहेत ना? म्हणजे तुला पुष्कळ येतंय."

तिला हसू आलं नाही. तिला वेगळीच भीती होती आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. तिची आई शेवटच्या वर्षांत विसरत गेली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. मिठाची बरणी कपड्यांच्या कपाटात सापडायची. शेवटी शेवटी ती तिकीटबाईलाच "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची, आणि तेही इतक्या अदबीने की ऐकणाऱ्याला रडू फुटावं. आईचं हे सुरू झालं तेव्हा तिचं वय साठ होतं. आपलं बावन्नलाच सुरू झालं की काय, या विचाराने तिकीटबाईचं धाबं दणाणलं होतं. म्हणून ती अजून घोकायची, अजून कमी झोपायची, आणि दुसऱ्या दिवशी अजून विसरायची.

तोवर एखाद-दुसऱ्या दारावर तो तिला पुढे पाठवायचा. सहाव्या दिवशी नकाशाने सबंध झोळाच तिच्या खांद्यावर दिला आणि स्वतः मोकळ्या हाताने मागून चालू लागला. "आज तुम्ही वाटा. मी नाहीच असं समजा."

अकरा वाजेपर्यंत तिने दोन चुका केल्या, त्या त्याने खाकरून दाखवल्या. मग वरच्या जिन्याने ती दोनशे सातवर पोचली. तिथे सत्तरीच्या एक बाई एकट्याच राहायच्या. टेकडीवरची पोरंसोरं त्यांना उंदीरमावशी म्हणत, कारण उभी हयात त्यांनी एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करण्यात घालवली होती. अजूनही त्यांच्या नावाने महिन्याला चार-पाच जाडजूड मासिकं यायची. तिकीटबाईने त्यांच्या हातात एक पाकीट दिलं. मावशींनी चष्मा वर करून बघितलं.

"हे माझं नाही गं. दोनशे सतराचं आहे. आणि कालही तू मला दोनशे सतराचंच दिलं होतंस."

बस्स, एवढंच. पण तिकीटबाई तिथे जिन्याच्या कठड्याला टेकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. नकाशा गडबडला. एकतीस वर्षांत त्याच्या झोळ्यातून वाईट बातम्या पुष्कळ गेल्या होत्या, पण पत्र देणारीच रडते हे त्याने कधी बघितलं नव्हतं. मावशींनी तिला आत घेतलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. नकाशा दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

मग तिने सगळं सांगितलं. वही, चाळीस, बावन्न, आणि शेवटी आईचंही.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "रात्री किती झोपतेस?"

"चार तास. कधी साडेतीन."

"आणि ही दुपारी झोपते का रे?" हा प्रश्न नकाशाला होता.

"सांगून दमलो," नकाशा म्हणाला. "तिसऱ्या दिवसापासून सांगतोय, बाई, आडव्या व्हा. पायरीवर बसून मला शिव्या घालत असतात."

"शिव्या नाही घालत," तिकीटबाई नाक पुसत म्हणाली. "मनातल्या मनात एखादी."

मावशी हसल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या. "हे बघ, तुला एक गोष्ट सांगते, माझ्या उंदरांची. आम्ही एका उंदराला लांबट वाटेवरून पळवायचो, शेवटाला खाऊ. त्याच्या मेंदूत केसाहून बारीक तारा असायच्या आणि यंत्राला कर्णा जोडलेला असायचा, म्हणजे पेशी जागी झाली की टिक् असं ऐकू यायचं. वाटेच्या या वळणावर आला की ही पेशी टिकटिकणार, त्या वळणावर ती. ठरलेलं. संध्याकाळी उंदीर दमून झोपला. यंत्र बंद करायचं राहिलं होतं. आणि कर्ण्यातून आवाज यायला लागला. त्याच पेशी, त्याच क्रमाने, पण भराभर. मी पिंजऱ्याशी जाऊन बघितलं. गाढ झोपलेला! अंगाने झोपला होता आणि डोक्याने तीच वाट पुन्हा पळत होता."

"झोपेत?"

"झोपेत. एकदा नाही, कितीतरी वेळा. दिवसा बघितलेलं रात्री पक्कं होतं ते असं. पुढे लोकांनी ती टिकटिक मधेच तोडून बघितली. मग उंदीर शिकण्यात मागे पडतो."

"पण मी काय उंदीर आहे?"

"तुझ्या डोक्यात तारा घालायला मला कोणी परवानगी देणार नाही. पण माणसांना शब्द पाठ करायला देऊन, काहींना झोपू देऊन आणि काहींना जागं ठेवून पुष्कळांनी बघितलंय. झोपलेले पुढे जातात. तू काय करतेस माहितीये? दिवसभर टोपल्या भरभरून माल आणतेस आणि रात्री गोदामाला कुलूप लावतेस. माल रचणाऱ्याला आत जाऊच देत नाहीस."

नकाशा दारातून म्हणाला, "मला बुवा कारण माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की सकाळी बघितलेलं दार झोपून उठलो की हलत नाही."

"आणि आईचं?" तिकीटबाईने हळूच विचारलं.

मावशींनी चष्मा काढून पुसला. "ते मी कसं सांगू? ते डॉक्टर सांगतील. पण चार तास झोपून कोणीही विसरेल. आधी आठवडाभर नीट झोप. त्यानंतरही असंच राहिलं तर मग खुशाल घाबर. मी येईन तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे."

त्या दुपारी लॉन्ड्रीत तिकीटबाईने बूट काढले. गाठोड्यांना गरम सुताचा आणि साबणाचा वास होता. "मला नाही झोप लागायची दिवसा," ती म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या कानावर पडून पूर्ण व्हायच्या आत तिला झोप लागली. पंचवीस मिनिटांनी लॉन्ड्रीवालीने हाक मारली, पण ती काही उठेना. शेवटी नकाशाने तिच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "रजिस्टर्ड!" तशी ती ताडकन उठून बसली आणि पेन शोधू लागली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आज वही नाही उघडायची. पण मला माझा भरवसा नाही."

"दे इकडे," नवरा म्हणाला, आणि वही आपल्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवून त्याने पेटीला कुलूप लावलं.

ती नऊला आडवी झाली. सकाळी साडेपाचला उठली तेव्हा नवरा गालाला हात लावून तिच्याकडे बघत बसला होता.

"काय झालं?"

"त्रेसष्टच्या जावांचं काय भांडण आहे गं?"

"तुम्हाला काय माहीत त्यांचं?"

"रात्री तूच सांगत होतीस. 'तिच्या हातात देऊ नका, तिच्या हातात देऊ नका.' मग म्हणालीस, 'फाटकावर टाका, चावेल!' मी म्हटलं, ठीक आहे बाई, टाकतो फाटकावर. तेव्हा कुठे गप्प झालीस."

त्या सकाळी शंभरांत सत्तावीस चुका निघाल्या. नकाशाने चुकलेली पत्रं टेबलावर मांडली, दोनदा मोजली आणि या खेपेला तोंड उघडलं. "हं," म्हणाला. त्याच्याकडून हे फारच झालं.

तो दिवस आणि त्यापुढचा दिवस असाच गेला. दिवसभर चालणं, दुपारी गाठोडी, रात्री नऊला अंथरूण. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पूर्वी पत्रावरचा नंबर वाचला की ती मनातल्या वहीचं पान शोधायला लागायची. आता नंबर वाचला की पायांनाच कळायचं, तीन पायऱ्या, डावीकडे, निळं दार. आठवावं लागत नव्हतं.

आणि मग नवव्या दिवसाच्या पहाटे तिला ते स्वप्न पडलं.

स्वप्नात ती अठ्ठ्याऐंशीच्या मागच्या अंगणात उभी होती. अठ्ठ्याऐंशी म्हणजे खालच्या बोळातलं शेवटचं घर, एका सुताराचं. बोळ तिथे संपायचा. त्यामुळे तिथलं वाटप झालं की नकाशा पूर्ण बोळ परत उतरून, मोठ्या रस्त्याने वळसा घालून, वरच्या जिन्याच्या एकशे चाळीस पायऱ्या चढून उंदीरमावशींच्या दोनशे सातवर जायचा. वीस मिनिटांची पायपीट. स्वप्नात मात्र अंगणाच्या भिंतीवर एक हिरवी पाण्याची टाकी होती, एका बाजूला चेपलेली, आणि टाकीच्या पलीकडे मावशी हात पुढे करून उभ्या होत्या. "दे की गं," त्या म्हणत होत्या, "लांबून कशाला येतेस?" तिने टाकीवरून मासिक त्यांच्या हातात दिलं. तेवढ्यात टाकीतून तिची शाळेतली बाई डोकं वर काढून सात नव्वे विचारू लागली आणि ती जागी झाली.

ती पलंगावर बसून राहिली. शाळेतल्या बाईंचं सोडा, पण ती टाकी? ती टाकी खरी होती. सुताराच्या अंगणातून भिंतीवरून डोकावणारी हिरवी टाकी तिने रोज बघितली होती. आणि मावशींच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडत होती तेव्हा समोरच्या खिडकीतूनही एक हिरवी टाकी दिसत होती. चेपलेली. दोन्ही टाक्या तिने बघितल्या होत्या, पण त्या दोन नाहीत, एकच आहे, हे जागेपणी तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कामावर ती कोणाला काही बोलली नाही. चूक निघाली तर नकाशा जन्मभर ऐकवेल. सुताराच्या घरी पत्र देऊन झालं आणि नकाशा सवयीने परत फिरला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, एक मिनिट. मला मागचं अंगण बघायचंय."

"अंगणात काय आहे? लाकडं आहेत."

लाकडं होतीच. भिंतीला फळ्या टेकवलेल्या होत्या. तिने सुताराला विचारलं, "या टाकीच्या मागे काय आहे हो?"

"काही नाही. खाली फळ्यांमागे छोटं दार आहे," सुतार रंधा न थांबवता म्हणाला. "नळदुरुस्तीवाल्यासाठी केलं होतं, भिंत पडली होती तेव्हा. नऊ-दहा वर्षं झाली. पलीकडे मावशींचा मागचा जिना लागतो."

नकाशा जागच्या जागी थिजला.

सुताराने फळ्या बाजूला केल्या. तारेने बांधलेलं कमरेएवढं लाकडी दार होतं. तार सोडली, दार करकरलं. वाकून पलीकडे गेलं की सहा पायऱ्या आणि वर मावशींच्या स्वयंपाकघराचं मागचं दार. तिकीटबाईने कडी वाजवली. मावशींनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, तिच्यामागे वाकून येणाऱ्या नकाशाकडे बघितलं.

"अगंबाई! तुम्ही इकडून कसे?"

नकाशा पायरीवर बसला. "दहा वर्षं," तो म्हणाला. "दहा वर्षं रोज वीस मिनिटं. मावशी, कागद द्या."

"राहू दे रे हिशोब."

"नाही, द्या." पण कागद मिळाल्यावर त्याने काहीच लिहिलं नाही. "मला माझ्या आधीच्या पोस्टमनने ही वाट दाखवली. तेव्हा इथे भिंत होती, आणि माझ्या डोक्यात ती आजपर्यंत होती. मी अंगणाकडे कधी बघितलंच नाही. बघायचं काय? सगळं येतंच की!" मग तो तिकीटबाईकडे वळला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला स्वप्न पडलं."

नकाशाचा चेहरा आधी पडला, मग थरथरला, आणि मग तो असा हसायला लागला की खाली सुतारानेही रंधा थांबवला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकतीस वर्षं मी गाठोड्यांवर झोपतोय," तो म्हणाला, "आणि दार सापडलं कोणाला, तर नवव्या दिवशी हिला!"

मावशींनी त्या दिवशी तिघांसाठी चहा केला. वाचलेली वीस मिनिटं तिथेच गेली. स्वप्नाचं तिकीटबाईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्यात जादू नाही. दोन्ही बाजू तूच बघितल्या होत्यास. नवं शिकणाऱ्यांना त्याची स्वप्नं पडतात, आणि ज्यांना पडतात ते बहुधा लवकर शिकतात. झोपेत कधी कधी लांबची दोन टोकं एकमेकांशेजारी येऊन बसतात. नेहमी नाही. बहुतेक वेळा टाकीतून शाळेतल्या बाईच निघतात."

बाराव्या दिवशी चुका चार. नकाशाने शेवटची फेरी तिच्याबरोबर मारली. सहा नंबरच्या आजोबांनी त्याला दारातच मिठी मारली आणि सोडेनात. त्रेसष्टच्या दोन्ही जावा एकदम बाहेर आल्या, दोघींनी वेगवेगळ्या बरण्यांतून लोणचं दिलं आणि "माझं आधी उघडा" असं दोघींनीही बजावलं. एकशे बाराचा कुत्रा फाटकाच्या आत शेपूट हलवत होता. नकाशा त्याला म्हणाला, "आता बाईंना चाव." पोस्टात परत आल्यावर त्याने झोळा रिकामा केला, आतून झटकला आणि टेबलावर ठेवला. काही बोलेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "डावा पट्टा जरा सैल आहे. शिवून घ्या," आणि गेला.

तेराव्या दिवशी ती एकटीच टेकडी चढली. पहिल्या दारावर तिने नंबर तीनदा वाचला, खोटं कशाला सांगा. दुपारपर्यंत एकही पत्र चुकलं नाही. मग चुकली तीन, पण तिन्ही तिची तिलाच कळली आणि दोन जिने परत चढून तिने दुरुस्त केली. लॉन्ड्रीवालीने गाठोड्यांवर तिच्यासाठी आधीच जागा करून ठेवली होती. घरी पोचली तेव्हा नवऱ्याने विचारलं, "वही देऊ का परत?" ती म्हणाली, "राहू दे पेटीतच. पानांना तेलाचे डाग लागत नाहीत ना?"

महिनाभराने ती मावशींबरोबर डॉक्टरांकडेही जाऊन आली. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, शब्द म्हणून घेतले, उलटे आकडे मोजायला लावले. शेवटी म्हणाले, "तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. इथे कशाला आलात?" पुढचं कोणालाच सांगता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. तिला ते पटलं. भीती पूर्ण गेली असं नाही, पण रात्री पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसायची ती आता येत नव्हती. आणि आली तरी तोवर तिकीटबाई झोपलेली असायची.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस नकाशाचं कार्ड आलं. ते तिनेच पोस्टात खणाबाहेर काढलं, पोस्टाच्याच पत्त्यावर, तिच्या नावाने. रविवारी जेवायला बोलावलं होतं, नवऱ्याला घेऊन या म्हणून.

तो धाकट्या बहिणीकडे राहत होता, शहराच्या सपाट भागात, तळमजल्यावर. दार त्यानेच उघडलं. अंगाने जरा भरला होता. जेवताना बहीण तक्रार करत होती.

"रात्री स्वस्थ झोपत नाही हो हा. परवा पलंगावरून पडला."

"पडलो नाही, उडी मारली," नकाशा म्हणाला. "एकशे बाराचं फाटक उघडं राहिलं होतं. बाई, अजून रोज रात्री वाटप करतो मी. पगार बंद, काम चालू."

"मग मी दिवसा वाटते ती कोणती पत्रं?" तिकीटबाईने विचारलं.

"तुमची खरी. माझ्याकडे सगळी जुनीच येतात. काल सहाच्या आजोबांना त्यांच्या बायकोचं पत्र दिलं. ती जाऊन वीस वर्षं झाली. त्यांनी दारातच वाचलं आणि मला म्हणाले, उद्या परत ये, उत्तर देतो."

 मग बहिणीने भाताचं भांडं पुढे सरकवलं, आणि तिकीटबाईच्या नवऱ्याने, ज्याने सहसा कोणाच्या बोलण्यात तोंड घातलं नसतं, विचारलं, "मग? आज जाणार का उत्तर आणायला?"

"जाणार तर," नकाशा म्हणाला. "आजोबा वाट बघत असतील."

जेवण झाल्यावर बहिणीने बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. कोणी आग्रह केला नाही आणि कोणी संकोचही केला नाही. खिडकीतून ऊन आत येत होतं. चौघंही जिथल्या तिथे आडवी झाली, आणि चार वाजता चहाचं आधण कोणी ठेवायचं यावरून बहीणभावाचं भांडण सुरू होईपर्यंत त्या घरात कोणाचाच आवाज नव्हता.